‘देवराई’ आणि धारवाडची वाट

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ सालचा. स्किझोफ्रेनिया झालेला शेष (अतुल कुलकर्णी) आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) यांची ही गोष्ट. त्याआधी पडद्यावरचा वेडा म्हणजे एक तर हसायला, नाही तर घाबरायला. ‘देवराई’त मात्र आजारी माणूस हा आधी माणूस आहे, कुणाचा तरी भाऊ आहे.

मला हा चित्रपट शेषपेक्षा सीनाचा वाटतो. संसार एकीकडे, भाऊ एकीकडे, ही ओढाताण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण सीना त्याला मागच्या खोलीत दडवत नाही, डॉक्टरकडे नेते. चित्रपटाचं मोठेपण मला इथं दिसतं.

तक्रारही आहे. कोकणातली ती राई इतकी देखणी, शेषचं मन इतकं हळवं, की आजार म्हणजे जास्तीच्या बुद्धीची किंमत वाटू लागते. “फार हुशार होता, म्हणून डोकं फिरलं,” हे आपण ऐकतोच. चारचौघींसारख्या साध्या मुलीलाही हा आजार होतो. आणि गोळ्यांनी येणारी झोप, वाढणारं वजन, जरा बरं वाटलं की औषध बंद करणं, मग पुन्हा पहिले पाढे: हे रोजचं रडगाणं मला अजून पाहायला हवं होतं. घरची बाई थकते ती तिथंच.

आमच्या बेळगावकडं “ह्याला धारवाडला पाठवा” ही थट्टा आहे. तिथं मनोरुग्णांचं सरकारी रुग्णालय आहे, आता त्याला डिमहान्स म्हणतात. सकाळी जाऊन, डॉक्टरांना दाखवून, गोळ्या घेऊन माणसं परतही येतात. पण गावाच्या नावाचीच शिवी झाली, मग तिथली पायरी कोण चढणार? वर सोयरिकीची भीती. त्यापेक्षा उतारा टाकलेला बरा वाटतो!

आपल्यात आणखी एक उत्तर तयार असतं, “कर्माचा उदय, दुसरं काय.” असेल. पण साखर वाढली तर कर्म म्हणून कुणी इन्सुलिन बंद करतं का? आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण लहानपणापासून ऐकतो. औषधदान फक्त शरीराच्या दुखण्याला, असं कुठं आहे? आणि ज्याला आपल्याच मनाची भीती वाटते, त्याला अभय आधी घरच्यांनीच द्यायचं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क ठरवला. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, रात्रीसुद्धा. वाट आहे. ‘देवराई’ पाहाच, आणि घरात कुणी गप्प गप्प झालं असेल तर त्याच्याबरोबर बसून पाहा. नंतर नंबर लावायला मात्र उशीर करू नका.