बेसिल बंटिंगचे ‘ब्रिगफ्लॅट्स’

काव्यात अर्थ श्रेष्ठ की नाद श्रेष्ठ, हा वाद जुना आहे. इंग्रज कवी बेसिल बंटिंग (१९००–१९८५) याने त्यात नादाची बाजू निःशंकपणे घेतली. कविता संगीताप्रमाणे कानासाठी असते, कागदावरील कविता ही केवळ स्वरलिपी होय, असे त्याचे प्रतिपादन होते. हे मत त्याच्याच ‘ब्रिगफ्लॅट्स’ (१९६६) या श्रेष्ठ काव्याला कितपत लागू पडते, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

बंटिंगचे आयुष्य सरळ नव्हते. क्वेकर पंथाच्या शाळांत वाढलेल्या या तरुणाने १९१८ साली सैन्यात जाण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला. पुढे पॅरिस, इटलीत एझ्रा पाउंडचा सहवास, फिरदौसीच्या ओढीने शिकलेली फारसी, इराणात लंडनच्या ‘टाइम्स’ची बातमीदारी आणि १९५२ साली तेथून हकालपट्टी! अखेर न्यूकॅसलच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो पोटासाठी मजकूर तपासीत बसला. कवी म्हणून जग त्याला जवळजवळ विसरले होते. टॉम पिकर्ड हा तरुण कवी त्याला शोधीत आला, तेव्हा साठी उलटलेल्या बंटिंगने पुन्हा लेखणी उचलली.

‘ब्रिगफ्लॅट्स’ला त्याने आत्मचरित्र म्हटले आहे; परंतु त्यात घटनांची जंत्री नाही. उत्तर इंग्लंडातील त्या नावाच्या खेड्यात एक पाथरवट थडग्याच्या दगडावर नाव कोरीत आहे. एक मुलगा व एक मुलगी प्रेमात पडतात. मुलगा तिला सोडून जातो. पन्नास वर्षे लोटतात. बीज एवढेच. शब्द आखूड, व्यंजने कठीण. छिन्नीचे घाव कानांवर पडावेत तशा ओळी.

येथेच आमचा कवीशी मतभेद आहे. हा नाद निव्वळ नाद असता, तर कानाला सुखवून विरून गेला असता. तो मनाला बोचतो, कारण त्यामागे टाकून दिलेल्या प्रेमाची टोचणी आहे. फालतू शब्द निर्दयपणे छाटण्याचा बंटिंगचा हट्ट कारागिराचा आहेच. पण आमच्या मते तो अपराध्याचा संकोचही आहे. ज्याला क्षमा मागण्याचा अधिकार उरला नाही, त्याने लांबण लावू नये.

ही कविता मोठ्याने वाचावी, ही कवीची इच्छा रसिकांनी अवश्य पाळावी. मात्र वाचून झाल्यावर मनात घुमत राहते ते काय, याचाही विचार करावा. कवीच्या सिद्धांतापेक्षा त्याची कविताच अधिक खरे बोलली, असे आम्हांस वाटते.