अवकाळी पाऊस आणि कादंबरी

श्री. अमिताव घोष यांचें 'द ग्रेट डिरेंजमेंट' हें छोटेखानी इंग्रजी पुस्तक २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. नांवाचें मराठी करावयाचें तर 'महाविभ्रम' म्हणावें लागेल. विषय हवामानबदलाचा, परंतु तो मांडणारा कादंबरीकार असल्यामुळें आरोपीच्या पिंजऱ्यांत त्यानें प्रथम उभें केलें आहे तें स्वतःच्या व्यवसायाला. पृथ्वी तापत आहे, ऋतु आपल्या वेळा चुकवीत आहेत, समुद्र चढत आहे, आणि गंभीर म्हणविणारी कादंबरी मात्र दिवाणखान्यांतल्या रुसव्याफुगव्यांत रमली आहे, असा हा आरोप आहे. मराठी वाचकानें तो ऐकून घेण्याजोगा आहे. जसाच्या तसा मान्य मात्र करूं नये.

घोष यांची उपपत्ति थोडक्यांत अशी: आधुनिक कादंबरी संभाव्यतेच्या पायावर उभारलेली आहे. नित्य घडतें तें तिनें सांगावें. अद्भुत व आकस्मिक तें पुराणांना नि आख्यायिकांना सोडून द्यावें. स्वतः घोष विद्यार्थिदशेंत असतांना १७ मार्च १९७८ रोजीं दिल्लींत टॉर्नेडोच्या तडाख्यांत सांपडले आणि थोडक्यांत वांचले. हा अनुभव कादंबरींत घालण्याचा त्यांनीं पुढें वारंवार प्रयत्न केला. तो साधला नाहीं. वाचक म्हणेल, लेखकाला कथानक पुढें रेटतां येईना म्हणून त्यानें वादळ आणलें! या कबुलीचीं पानें मला सबंध पुस्तकांत सर्वांत मोलाचीं वाटतात.

कसोटीला आपलीच गोष्ट घ्या. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरांत कुलाब्याला तो ७५ मिलिमीटरांपर्यंतही पोंचला नाहीं. कोणा होतकरू लेखकानें हें कल्पनेनें लिहून आणलें असतें, तर 'अतिशयोक्ति टाळा' असा शेरा मारून मींच तें हस्तलिखित परत केलें असतें.

येथपर्यंत घोष यांच्याशीं माझें भांडण नाहीं. पण वास्तववादी कादंबरीला मनुष्येतर सृष्टि पेलत नाहीं, असा त्यांचा जो रोंख आहे, तो आपल्या वाङ्मयापुरता तरी टिकत नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. तिच्या अखेरीस दुष्काळ येतो, मेंढरें मरतात, माणसें पांगतात आणि वाडी ओस पडते. तेथें निसर्ग ही पार्श्वभूमि नाहीं. तो एक पात्र आहे, आणि तें पात्र कोणालाही खोटें वाटलें नाहीं. म्हणजे अडचण केवळ असंभाव्यतेची नव्हे.

अडचण निराळी आहे, आणि घोष यांनीं तिला पुरता हात घातला नाहीं असें मला वाटतें. बनगरवाडीचा दुष्काळ आकाशांतून येतो. त्याबद्दल कोणाला जाब विचारावयाचा नसतो. आजच्या पावसाचें तसें नाहीं. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली कीं ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते, आणि ती तापली आहे ती मुख्यतः माणसानें कोळसा व तेल जाळल्यामुळें. अमुक एक ढगफुटी अमक्याच्या धुरामुळें झाली असें म्हणतां येत नाहीं. तरी तिचा संभव आपणच वाढवून ठेविला आहे. कादंबरीला दुःखाचे जुने कर्ते ठाऊक आहेत: दैव, दुष्ट मनुष्य, आंधळी रूढि. यांपैकीं तिसरीचा समाचार तर आपण हरिभाऊ आपट्यांपासून घेत आलों. 'झाडाझडती'त विश्वास पाटलांना धरणग्रस्तांचे वैरी उभे करतां आले, कारण धरण कोणी बांधलें हें ठाऊक होतें. परंतु जेथें वैरी म्हणजे आपलीच मोटार, आपलाच वातानुकूलित दिवाणखाना, अमेरिकेंतल्या मुलाकडे जाण्यायेण्याचा आपलाच विमानप्रवास, आणि मार खाणारा बीडकडचा ऊंसतोड मजूर किंवा कोंकणांतला आंबेवाला, तेथें या दोघांची गांठ एका प्रकरणांत घालावयाची कशी?

दुसऱ्या भागांत घोष या प्रश्नाच्या जवळ येतात. साम्राज्यशाहीनें आशियाचें औद्योगीकरण रोखून धरलें, आणि त्यामुळेंच कदाचित् हें संकट कांहीं काळ लांबलें, हा त्यांचा मुद्दा खिन्न करणारा आहे. सुशिक्षित वाचकानें तो दोनदां वाचावा. तिसरा भाग घाईचा आहे. पॅरिसचा करार आणि पोप फ्रान्सिस यांचें २०१५ चें पत्र यांच्या भाषेची तुलना मार्मिक खरी; परंतु धर्मसंस्थांवर तेथें जी आशा ठेविली आहे ती मला उसनी वाटते.

आपल्या उपपत्तीची परीक्षा घोष यांनीं 'गन आयलंड' (२०१९) या कादंबरींत स्वतःच दिली. सुंदरबनांतून व्हेनिसपर्यंत जाणाऱ्या या कथेंत साप, कोळी, वणवे, वादळें आणि योगायोग यांची इतकी गर्दी आहे कीं वाचक दमतो. असंभाव्याला दार उघडलें, आणि माणसांना बसावयास जागा उरली नाहीं! तिच्यांत जिवंत काय असेल, तर सुंदरबन सोडून परमुलखाची वाट धरणारे टिपू आणि रफी हे दोन पोरगे. त्यांच्यापाशीं कथा आली कीं उपपत्ति गप्प बसते.

मराठींत अशीं पोरें अजून फारशीं आलेलीं नाहींत. आपल्या कादंबरींत पाऊस पडतो तो बहुधा नायिकेच्या मनःस्थितीस अनुकूल असा. मुंबईहून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबर होती. हवामान खात्यानें २०२० सालीं ती ८ ऑक्टोबर केली. सरकारी खातें जें मान्य करून मोकळें झालें, त्याची दखल घेण्यास आमचे लेखक मागें राहावे, हें चमत्कारिक आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यांत नि विदर्भांत गारांनीं उभीं पिकें झोडपून काढलीं. त्याला आपण 'अवकाळी' म्हटलें, आणि त्यानंतर हा शब्द इतक्यांदा वापरला कीं आतां त्यांतला 'अ' कशासाठीं, हें विद्यार्थ्यांना समजावून सांगतांना मी अडखळतों.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरांत २००५ सालीं आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पुराचें पाणी शिरलें. पुस्तकें भिजलीं, चिखलानें माखलीं. त्यांत कादंबऱ्याही असणारच. तीं पुस्तकें वाळवीत बसलेल्या माणसाची गोष्ट कोणी लिहिली, तर ती मला वाचावयास हवी आहे.