'जिणं आमुचं'मधील श्रद्धा, मुक्ती आणि नवारंभाचे बळ

बेबी कांबळे (१९२९-२०१२) यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनावरील समीक्षा बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट त्यास आंबेडकरी चळवळीचा दस्तऐवज मानते, तर दुसरी स्त्रीवादी साक्ष. दोन्ही वाचने चुकीची नाहीत; तथापि पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या माणसांत नव्याने जगू पाहण्याचे धैर्य आले कोठून, हा प्रश्न त्यांतून निसटतो.

या दृष्टीने जेजुरीचा प्रसंग महत्त्वाचा आहे. तत्पूर्वी लेखिकेने आषाढातील देवीचे सण, अंगात येणे, थोरल्या मुलाला पोतराज म्हणून सोडणे यांचे विस्तृत चित्रण केले आहे. तिचा सूर टीकेचा आहे, पण तुच्छतेचा नाही. ज्यांना माणूस म्हणून कोणी विचारत नव्हते, त्यांच्या वाट्याला येणारा मान घटकाभर का होईना देवामुळेच येत होता, हे ती जाणते. म्हणूनच बाबासाहेबांचे भाषण खंडोबाच्या जेजुरीत ऐकले जाणे अर्थपूर्ण ठरते. देवापुढे खर्च करण्याऐवजी मुलांना शिकवा, मेलेल्या जनावरांचे मांस सोडा, हा संदेश नवसाला आलेल्या माणसांपुढे ठेवला गेला. देवळाची वाट तीच, पाय तेच. पण परतणारी माणसे निराळी. विशेषतः स्त्रियांनी हा बदल आधी उचलून धरला, असे लेखिका सांगते. श्रद्धेची जी ताकद नवसाकडे वळली होती, ती येथे शाळेकडे वळली. तिने उसना विवेकवाद आणला नाही, असे मला वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेले धर्मांतर हे या वळणाचे पुढचे पाऊल होय.

परंतु या मुक्तिकथेत एक मौनही आहे. महारवाड्यातील सुनांचे हाल, पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा, सासूने सुनेवर उगवलेला सूड हे सारे लेखिका निर्भीडपणे सांगते. मात्र ते 'आम्ही'च्या आवाजात येते. 'मी'चा संसार पुस्तकात जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासोबत (२००८) प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत मात्र पतीचा संशय, त्यापायी प्रवासात खाल्लेला मार आणि लिहिलेली पाने सुमारे वीस वर्षे लपवून ठेवावी लागणे हे सर्व उघड होते. फलटणच्या किराणा दुकानात बसून, पुड्यांसाठी आणलेली रद्दी वाचत घडलेली ही लेखिका समाजाची मुक्ती लिहीत होती आणि ते लेखन घरापासून दडवीत होती.

येथे 'स्मृतिचित्रे'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. लक्ष्मीबाई टिळक पतीचा तापटपणा हसत हसत सांगू शकतात. धर्मांतराचा ताणही त्या 'मी'च्या अंगाने मांडतात. बेबीताईंना तशी मोकळीक नव्हती. सर्वांच्याच वाट्याला दुःख असताना आपले वेगळे काय सांगावे, अशा आशयाचे त्यांचे मुलाखतीतील उत्तर आहे. हे उत्तर मला पूर्णपणे पटत नाही. समूहाच्या दुःखाने व्यक्तीचे दुःख झाकले जाते, आणि झाकण्याचे ओझे बहुधा स्त्रीवरच येते. तरीही याच 'आम्ही'ने लेखणी हाती धरण्याचे बळ दिले, हेही नाकारता येत नाही. एकट्या 'मी'ला ती पाने कदाचित कधीच लिहिता आली नसती.

इंग्रजी शीर्षकात तुरुंग 'फोडल्या'चा पूर्ण भूतकाळ आहे. मराठी शीर्षक असा दावा करत नाही; ते केवळ जगणे म्हणते. शिकून पुढे गेलेल्यांना बाबासाहेबांचा विसर पडला, ही लेखिकेची तक्रारही याच अपुरेपणातून येते. महाविद्यालयात हे पुस्तक शिकवताना आपण जेजुरीचा प्रसंग उत्साहाने सांगतो आणि मुलाखतीकडे क्वचितच वळतो. त्या दोन्ही एकाच तासाला वाचून पाहाव्यात.