घोड्याचा चेहरा वाचताना

संशोधनात यायचंय? मग 2014 चा ‘प्लॉस वन’मधला पेपर वाचा. दाला कोस्ता आणि सहकाऱ्यांनी घोड्याची वेदना चेहऱ्यावरून मोजायची पट्टी मांडलीय. मागे ताठलेले कान, आक्रसलेले डोळे, ताणलेल्या नाकपुड्या अशी सहा लक्षणं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. स्वस्त, सोपी, प्राण्याला हातही लावायला नको. मला पद्धत आवडली.

पण ती तयार झाली खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेतल्या घोड्यांवर. म्हणजे वेदना ताजी, तीव्र आणि घोडा तबेल्यात उभा. हीच पट्टी आपल्याकडे लावायची तर पुण्याहून जवळचं ठिकाण माथेरान. तिथे मोटारींना बंदी, म्हणून दस्तुरीपासून पर्यटक घोड्यावर. तोंडात कडियाळ, चढाच्या धापेनं फुललेल्या नाकपुड्या आणि दुखणं असलंच तर खुरात किंवा पाठीत मुरलेलं. गुण कमी आले म्हणून ‘घोडा ठीक’ लिहिलंत, तर खोगिराखालची जखम तुमच्या अहवालातून गायब! आधी खोगीर उतरवून पाठ बघा, खूर उचलून बघा, चाल बघा. मग चेहरा.

यात दोष लेखकांचा नाही. ‘खच्चीकरण’ हा शब्द त्यांनी शीर्षकातच घातलाय. शीर्षक अर्धं वाचून पट्टी उचलतो ते आपण.