चाळणीचा हिशेब

ध्यानाविषयीच्या आपल्या लेखनात ‘शास्त्राने सिद्ध केले आहे’ हे वाक्य फार सहजपणे येते. ते जबाबदारीने लिहू इच्छिणाऱ्याने माधव गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला पद्धतशीर आढावा अवश्य पाहावा. शोधात हाती आलेल्या १८,७५३ नोंदींतून निकषांस उतरले केवळ ४७ प्रयोग. निवड दोन अभ्यासकांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे केली, जेणेकरून एकाचा कल दुसऱ्याने सावरावा. चिंता, नैराश्य व वेदना यांत काही सुधारणा आढळली. परंतु औषध वा व्यायाम यांहून ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

या आढाव्याची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याने ध्यानाचे कार्यक्रम तपासले, शील नव्हे. अष्टांगिक मार्गातील सम्मासति ही सम्मावाचा व सम्माआजीव यांपासून सुटी नाही. म्हणून या आकड्यांवरून धम्माचे समर्थन करणे जितके अनुचित, तितकेच त्याचे खंडन करणेही.

तथापि त्यामागील शिस्त आपण घेतली पाहिजे. निकष शोधापूर्वी ठरवावेत, दुबार नोंदी काढाव्यात, वगळल्याचे कारण लिहून ठेवावे. आज आपण संगणकावर तिपिटकात एखादा शब्द शोधतो, असंख्य स्थळे समोर येतात आणि अनुकूल तेवढी चार उद्धृत करतो. ‘सति’ शोधला तर प्रतीत्यसमुत्पादाच्या सूत्रातील ‘सति’ही येतो, तेथे त्याचा अर्थ ‘असताना’ असा आहे, स्मृती असा नव्हे. शिवाय ठरावीक परिच्छेद अनेक निकायांत पुनःपुन्हा येतात. एकच वचन दहा ठिकाणी आढळले, म्हणून पुरावे दहा होत नाहीत.

सर्वांत गंभीर दोष म्हणजे प्रतिकूल स्थळांविषयीचे मौन. बाबासाहेबांनी असे मौन पाळले नाही. बुद्धांवर स्त्रियांच्या अवनतीचा आरोप झाला, तेव्हा १९५१ साली ‘हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती’ या लेखात त्यांनी महापरिनिब्बानसुत्तातील आक्षेपार्ह संवादच वाचकांपुढे ठेवला आणि तो प्रक्षिप्त का मानावा, याची कारणे दिली. त्यांचा निर्णय एखाद्यास अमान्य होईल. पण तो तपासता येतो. आपण लपविलेले स्थळ मात्र उद्या प्रतिपक्ष शोधून काढील, आणि त्या दिवशी आपली खरी वचनेही संशयास्पद ठरतील.