शिबिर संपल्यावर लकव्याचे काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत भरलेले रक्तदाब तपासणी शिबिर आम्ही पाहिले. मुले आजी-आजोबांना हाताला धरून आणत होती. संध्याकाळी अहवालात तपासलेल्यांचा आकडा पडला आणि ज्यांचा दाब वाढलेला निघाला, त्यांच्या हाती चिठ्ठी पडली. गोळ्या कोण देणार, महिन्याने दाब पुन्हा कोण मोजणार, याचा अहवालात उल्लेख नव्हता.

लकवा, म्हणजे अंगावरून वारे जाणे, हा मेंदूतील रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होतो. वाढलेला दाब वाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे खराब करतो, पण बहुधा काहीच दुखत-खुपत नाही. गोळी थांबवली की दाब पुन्हा चढतो. असा आजार एका दिवसाच्या शिबिराने कसा टळेल?

मग कार्यक्रम आखायचा कसा? याबाबत गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे काम शिक्षकांनी जरूर अभ्यासावे. डॉ. योगेश्वर कालकोंडे, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी ८६ गावांतील ९४,१५४ लोकांमधला प्रत्येक मृत्यू २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे नोंदवला आणि घरच्यांना लक्षणे विचारून त्याचे कारण ठरवले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते, म्हणजे सातांत एक. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तेच ठरले. त्या २२९ पैकी ८७.३ टक्के, म्हणजे सुमारे २०० जण, घरीच वारले. नुसत्या रुग्णालयाच्या वह्या चाळल्या असत्या, तर फार तर २९ मृत्यू दिसले असते! आधी मोजा आणि घरोघर मोजा, हा या कामाचा पहिला धडा.

पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. घरच्यांना विचारून वाहिनी तुंबली होती की फुटली होती, हे कळत नाही. त्याला सीटी स्कॅन लागतो. दाब कमी केल्याने दोन्ही प्रकार टळतात. अ‍ॅस्पिरिनचे तसे नाही. रक्तस्राव झालेल्या माणसाला ती घातक ठरू शकते.

पुढे याच गटाने ६४ गावांची चाचणी आखली. निम्म्या गावांत आरोग्यसेवकांनी पन्नाशीपुढच्यांना तपासायचे, फिरत्या दवाखान्यातील डॉक्टरांनी उपचार द्यायचे, आणि उरलेल्या गावांशी तुलना करायची. ही तुलनेची सोय आम्हांला फार मोलाची वाटते. सरकारी कार्यक्रमांत ती क्वचितच असते. मात्र दोन आक्षेप नोंदवतो. दाब पन्नाशीच्या बराच आधी चढू लागतो. शिवाय या आखणीचा भर एकेक रुग्ण शोधण्यावर आहे, साऱ्या घराच्या ताटातल्या मिठावर नाही. चीनमधल्या ६०० गावांत जोखीम असलेल्या सुमारे २१,००० लोकांपैकी निम्म्यांना २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, तेव्हा त्यांच्यात लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आहे. (मूत्रपिंडाच्या रुग्णांना असे मीठ धोक्याचे असते.)

यवतमाळमध्ये सोळा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. एवढ्या लोकांसाठी संशोधनाच्या पैशावर चालणारा फिरता दवाखाना पुरणार नाही. आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यावरच काम उभे करावे लागेल. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून आरंभी घेतलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचा वर्धा होता. तिथे नोंदलेल्यांपैकी कितीजणांचा दाब १४०/९० च्या खाली आला, हे मोजण्यावर भर होता. ‘किती तपासले’ यापेक्षा ‘कितीजणांचा दाब आटोक्यात राहिला’ हा प्रश्न अवघड आहे, आणि खरा आहे.

आपल्या शाळेत पुढचे शिबिर भरेल, तेव्हा आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात. गोळ्या गावात मिळतील का? त्या सलग मिळतील का? सहा महिन्यांनी याच लोकांचा दाब कोण मोजणार? वरच्या आकड्यांवरून टक्केवारीचे गणित आठवीच्या वर्गातही घेता येईल. मुलांनी निदान मात्र करू नये. आजोबांची गोळी संपत आली की घरात आठवण करणे, मिठाची पुडी किती दिवस पुरते ते लिहून ठेवणे आणि खर्ऱ्याच्या पानठेल्यापासून स्वतः लांब राहणे, एवढे त्यांना नक्की जमेल.