कानाने वाचायचं गणित: टी. व्ही. रामन यांच्या प्रबंधाविषयी

पीएचडीला लागण्याआधी एखादा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, असं सगळे सांगतात. कुठला, ते कोणी सांगत नाही. मी टी. व्ही. रामन यांचा सुचवेन. कॉर्नेल विद्यापीठ, १९९४. नाव ‘ऑडिओ सिस्टिम फॉर टेक्निकल रीडिंग्ज’, थोडक्यात ॲस्टर. (त्यांच्या मार्गदर्शक श्वानाचं नावही ॲस्टरच.) रामन मूळचे पुण्याचे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, पुढे आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल.

प्रबंधाचा प्रश्न समजायला हे मोठ्याने म्हणून बघा: ‘क्ष अधिक एक छेद य’. आता छेदाच्या वर काय आहे? नुसता एक, की क्ष अधिक एक? कागदावर आडवी रेघ किती लांब आहे ते बघून डोळ्याला लगेच कळतं. कानाला रेघ नसते. प्रत्येक कंस उच्चारून वाचलं तर अर्थ नेमका राहतो, पण समीकरण मोठं असेल तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

रामन म्हणतात, पान वाचूच नका. लाटेकमधली मूळ फाइल घ्या, तिच्यातून समीकरणाची झाडासारखी रचना काढा आणि ती आवाजात मांडा. घातांक आला की पट्टी वर, पादांक आला की खाली. एखादं पद फारच लांबलं तर त्याला तात्पुरतं नाव देऊन आधी सांगाडा ऐकवायचा, आतला मजकूर नंतर. ॲस्टरबद्दल बोलताना लोक हे पट्टीचंच सांगतात. मला विचाराल तर खरं काम वेगळंच आहे: ऐकणाऱ्याला त्या झाडावर हवं तिथे चढता-उतरता येतं. ‘हा भाग नंतर बघू’ असं डोळस माणूस नुसत्या नजरेने ठरवतो, ती सोय इथे कानाला मिळते.

आपल्याकडची मदत इथेच अडते. लेखनिक होणं, पुस्तक रेकॉर्ड करून देणं हे हवंच, त्यात वाद नाही. पण रेकॉर्डिंग एका सरळ रेषेत चालतं. ऐकणारा वाचणाऱ्याच्या गतीला आणि समजुतीला बांधलेला राहतो. गणितात तर फारच.

आता प्रबंधाची उणीव. मूळ फाइल हातात आहे आणि लेखकाने ती नीट लिहिली आहे, हे तो धरूनच चालतो. ती फाइल देणार कोण? हे काम प्रोग्रॅमने होत नाही, त्यासाठी माणसांनी भांडावं लागतं. दृष्टिहीनांच्या संघटनांच्या पाठपुराव्याने २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. २०१३ साली माराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. मोठी गोष्ट आहे. तरी कायद्याने मिळाली ती सुगम प्रत करण्याची परवानगी, मूळ फाइल नव्हे. शेवटी कोणीतरी पुस्तक स्कॅन करत बसतं, आणि स्कॅनमध्ये सगळ्यात आधी मोडतात ती समीकरणं.

मराठीत तर साधा मजकूरही अडतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६ पासून विकसित होतो आहे, युनिकोडमधलं मराठी तो वाचून दाखवतो. पण नोट्स जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या असतील, तर डोळ्याला मराठी दिसतं आणि खाली रोमन अक्षरं नि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो. ऐकणाऱ्याच्या पदरी निव्वळ बडबड.

एकट्या अंध विद्यार्थ्याने सरांकडे मूळ फाइल मागितली तर ते उपकार मागितल्यासारखं वाटतं. तीच मागणी सगळ्या वर्गाने केली तर विभागाला उत्तर द्यावं लागतं. अर्काइव्हवर लेखकांनी लाटेकची मूळ फाइलच द्यायची, हा रिवाज आधीपासून होता. म्हणून डिसेंबर २०२३ पासून तिथे पीडीएफसोबत स्क्रीन रीडरला सोपी एचटीएमएल आवृत्तीही देता येऊ लागली. रामन यांच्या प्रबंधानंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

आपले प्रबंध शोधगंगेवर चढतात ते पीडीएफ म्हणून. लाटेकची फाइल ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवरच राहते.